‘बघू’ हे उत्तर नव्हे, मिलिंद

मिलिंद,

तुझी बायको संगीता म्हणाली, "मावशी, त्यांच्या पुण्यानुमोदनाला पुस्तिका छापतोय. चार ओळी तुमच्या हव्यात. तुमी त्यांना वाढवलंत." मी म्हटलं, चार ओळींत त्याचं चांगलं तेवढं बसेल, माझा राग बसायचा नाही. ती म्हणाली, मग पानं घ्या. म्हणून ही पानं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, छापणाऱ्याने समजून घ्यावं.

तू किती शिकलास, कुठे नोकरीला होतास, मागे कोण कोण आहे, ते पहिल्या पानावर तुझा साडू लिहिणार आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. जिवंत असताना तू भांडण अर्धं टाकून उठायचास. "गाडी चुकेल, मावशे," म्हणायचास आणि वाशिंदला पळायचास. आता तुझी कुठली गाडी चुकणार आहे? बस आणि ऐक.

मी खर्डीच्या भातगिरणीत अठ्ठावीस वर्षं काढली. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि तुझं पुढचं लहानपण त्याच कोंड्यात गेलं. माझं काम गिरणीच्या दाराशी. कोणी पोतं आणलं की सुतळी सोडायची आणि हात कोपरापर्यंत आत घालायचा. लोक लबाड. वरती वाळलेलं भात, तळाला ओलं. ओलं भात भरडलं की तांदूळ तुटतो, कणी होते, जाळी तुंबते. म्हणून मोटर सुरू व्हायच्या आधी माझा हात. ओल मला बोटांनी कळायची. नाराज झालेली माणसं मला 'पोलीसबाय' म्हणायची, मला त्याचं काही वाटायचं नाही.

तुला नोकरी लागली तेव्हा एका रविवारी मी विचारलं, "दिवसभर खुर्चीत बसून करतोस काय रे?"

"गिरण्या बनवतो. बारक्या बारक्या. एका तोंडाने घालायचं, दुसऱ्या तोंडाने यायचं. तिला फंक्शन म्हणतात."

"आणि भात कुठलं?"

"आकडे, नावं, तारखा. पण प्रत्येक गिरणीवर पाटी असते, काय घेणार आणि काय देणार. तो टाइप. भाताच्या गिरणीत कोणी नाचणी ओतायला आला तर मोटर सुरूच होत नाय. सगळी पोती आधी दाराशी तपासतात."

"कोण तपासतं?"

"कंपायलर. म्हणजे तूच."

त्या दिवशी मला तुझं काम कळलं. तुझ्या ऑफिसातली माणसं परवा घरी आली होती. मला समजावत होती, सर फार अवघड भाषेत प्रोग्राम लिहायचे, आजी, तुम्हाला नाही कळणार. मी म्हटलं, पाटी कळते मला. त्या भाषेचं नाव माझ्या जिभेला कधी बसलं नाही, पण तिचा स्वभाव मला आवडला होता. तू जुना कॉम्प्युटर घरी आणलास, लाइट होती तोवर मला दाखवलंस. पडद्यावर लाल अक्षरं आली. मी विचारलं, काय म्हणते? तू वाचलंस, "म्हणते, इथे भात हवं होतं, तू नाचणी दिलीस, चौदाव्या ओळीत बघ." मला वाटलं, असं तोंडावर सांगणारं एक माणूस आपल्या घराण्यात असतं तर बरं झालं असतं. तुझी आई तशी नव्हती. मी पण नव्हते. तू आहेस असं मला वाटलं होतं.

आपलं पहिलं भांडण ओल्या भाताचं. मी म्हटलं, "तुझ्या पाटीवर भात लिहिलंय. ओलं भातही भातच. ते दारातून आत गेलं आणि आत कणी झाली. मग तुझी पाटी काय कामाची?"

तू चहाची बशी खाली ठेवलीस. चहा अर्धा टाकून उठलास. मला बरं वाटलं, इंजिनियरला गप्प केलं म्हणून. पुढच्या रविवारी आलास तो दारातूनच, "जिंकलीस गो मावशे!" तू ऑफिसात दोन वेगळे टाइप केले होतेस. ओलं भात वेगळं, वाळलेलं वेगळं. गिरण फक्त वाळलेलं घेणार. आणि ओल्याचं वाळलेलं व्हायला एकच रस्ता, खळ्यातून. वाळवल्याशिवाय कोणाला नुसतं 'वाळलेलं' म्हणताच येणार नाही. लोक फॉर्मात वाटेल ते लिहून पाठवतात ते ओलं, आणि तपासून घेतलेलं ते वाळलेलं. "साहेबाला सांगितलं, ही कल्पना आमच्या मावशीची. साहेब बोलला, कुठल्या कंपनीत आहे ती?" आपण दोघं हसलो. ते हसू मी तुझ्या नावावर ठेवते. नंतरच्या गोष्टींनी ते पुसलं जात नाही.

मग गिरण बिघडते कशी, ते तू सांगायला लागलास. वाळलेलं भात घालूनही काही गिरण्या फसतात. एक गिरण अशी की पाटीवर लिहिलंय, पोतं द्या, पहिली मूठ काढून देईन. आणि कोणी रिकामं पोतं दिलं तर? पोतं आहे, पाटीप्रमाणे बरोबर आहे. मूठ कुठून देणार? धाडकन् बंद पडते, आणि तिच्यामागची सगळी रांग बंद. "पाटी खोटी आहे," तू म्हणालास. "पाटीवर लिहायला पाहिजे, मूठ देईन किंवा कायच नाय देणार. मग पुढच्या माणसाला आधीच ठरवावं लागतं, कायच नाय आलं तर काय करायचं."

मला आपल्या गिरणीचा पट्टा आठवला. तुटला तेव्हा पत्र्याची भिंत फाडून बाहेर गेला. मी म्हटलं, "तो काय पाटीवर लिहून तुटला होता?"

"तेच तर. पाटीवर नसलेलं फसणं सगळ्यात वाईट."

"निदान आवाज तरी होतो," मी म्हटलं. तुला ते पटलं नाही. आता मी तुला सांगते, मिलिंद, आवाज होणं बरं. तू आवाज न करता गेलास.

चिठ्ठीचं भांडण तर कायमचं राहिलं. मी म्हणत होते, 'कायच नाय' हे उत्तर उद्धटपणाचं आहे. नुसतं रिकामं पोतं हातात काय देता? चिठ्ठी द्या. भात ओलं होतं, जाळी तुंबली, लाइट गेली, जे असेल ते लिहा. तू म्हणालास, तशा गिरण्याही असतात, त्या तांदूळ देतात नाहीतर चिठ्ठी देतात. पण जिथे फसायचं कारण एकच असतं तिथे चिठ्ठी कशाला? रिकामं पोतं बघून माणसाला कळतं. मी म्हटलं, नाही कळत. माणूस वाटेल ते समजतो. तू म्हणालास, "गाडी चुकेल."

त्याच वर्षी एका रविवारी तू चिडलेला आलास. ऑफिसात तुझ्या हाताखालच्या एका माणसाने गिरणीतला बिघाड गिळून टाकला होता. आत काही बिघडलं की बाहेर 'ठीक आहे' असं सांगायचं, अशी त्याने व्यवस्था केली होती. बिघाड तीन दिवस कोणाला कळला नाही. तू माझ्या पडवीत उभा राहून हातवारे करत होतास. "बिघडलं तर बिघडलं म्हणून सांग ना! लपवलंस की तू चोर. मी त्याला तोंडावर बोललो, तू चोर आहेस."

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. पुढे लागेल.

शेवटचा प्रकार तू सांगितलास तेव्हा भाकऱ्या चालल्या होत्या. अशी एक गिरण असते की तिला भात दिलं तर ती फिरत राहते. तुटत नाही, रिकामं पोतं देत नाही, चिठ्ठी देत नाही. नुसती फिरते. आणि मजा अशी की तिच्यावर कुठलीही पाटी लावली तरी चालते. तांदूळ देईन लिहा, सोनं देईन लिहा. कंपायलर तिला आत सोडतो. ती कधी खोटी ठरतच नाही, कारण उत्तर येतच नाही. बाहेर उभ्या माणसाला कळत नाही की थोडं थांबलं तर येईल, की कधीच यायचं नाही.

मी भाकरी उलटत म्हटलं, "म्हणजे 'बघू'."

"काय?"

"बघू. पोरगी बघायला येतात, पोहे खातात आणि म्हणतात, बघू. ग्रामपंचायतीत नळ मागितला, बघू. नाय म्हटलं तर माणूस दुसरीकडे जाईल. हो म्हटलं तर द्यावं लागेल. बघू म्हटलं की माणूस दारात उभा."

मला वाटलं तू हसशील. तू हसला नाहीस. तव्याकडे बघत म्हणालास, "मावशे, आई कशाने गेली?"

"तापाने."

"कुठला ताप? मी मोठा झालो, आता सांग ना."

आणि मी म्हटलं, "सांगेन. बघू."

तू हात धुतलेस आणि निघालास. त्या दिवशी गाडीचं नावही काढलं नाहीस.

आता तुझ्याकडे येते. तुला घराच्या उंबऱ्यापर्यंतही चप्पल नको असायची, शेतावर अनवाणी जायचास. तो तू मागच्या दिवाळीपासून मोजे घालून यायला लागलास. मी विचारलं तर म्हणालास, "ऑफिसात एसी असतो, सवय लागली." तोंड सुजल्यासारखं दिसायचं. मी म्हटलं, तपासून घे. "घेतलंय." मग रिपोर्ट? "बघू." पुढच्या रविवारी, "रिपोर्ट आला का रे?" "बघू गो." आठ महिने. फोन करावा तर संगीता उचलायची आणि तीही म्हणायची, "बघू, मावशी, येतोय रिपोर्ट." मी वाट बघत राहिले, आणि कल्याणच्या दवाखान्यातून फोन आला तो एकदम सगळं संपल्याचा.

तुझ्या पिशवीत रिपोर्ट सापडला. दोन्ही किडन्या गेल्याचा. तारीख मागच्या दिवाळीच्या आधीची. म्हणजे पहिल्यांदा मी विचारलं तेव्हाच तो तुझ्या पिशवीत, डब्याच्या खाली होता.

मी संगीताला धरलं. म्हटलं, "तू पण?"

ती रडत होती. मी रडू दिलं नाही. "आधी बोल, मग रड."

"त्यांनी शपथ घातली होती, मावशी. बोलले, मावशीने विचारलं की बघू म्हणायचं. मी बोलले, अहो, म्हातारी वाट बघते. तर बोलले, बघू दे. मी तीस वर्षं बघू ऐकलं. तिला एक वर्ष ऐकू दे."

"आणि?"

"आणि हसले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले."

तर असा हा सूड. चांगला घेतलास. मुरलेला घेतलास. मला कोणी विचारलं की हा पोरगा कोणावर गेला, तर मी आता सांगते, मावशीवर.

पण मी तुला सोडणार नाही. मी तुला किडनी देऊ शकले नसते, म्हातारीचं कोण काय घेतं? पण वाशिंदला येऊन राहिले असते. तुझे पाय मांडीवर घेतले असते. डॉक्टरने मीठ बंद सांगितलं असेल, आणि मी मूर्ख दर रविवारी तुला सुकट वाढत होते, वर लोणचं देत होते, आणि तू मुकाट खात होतास. प्रत्येक घास तू माझ्या हातून खाल्लास आणि मला सांगितलं नाहीस की मी काय वाढते आहे. आत बिघाड आणि बाहेर 'बरा आहे'. तूच म्हणाला होतास ना, लपवलंस की तू चोर? तर मग तू कोण, मिलिंद?

म्हणून मी तुझ्या फोटोखाली तुझा रिपोर्ट चिकटवला आहे. हार वर, रिपोर्ट खाली. तुझा साडू म्हणाला, "मावशी, विहारात लोक येतील, बरं दिसतं का?" मी म्हटलं, त्याचाच नियम आहे. फसायचं असेल तर पाटीवर लिहावं. त्याने नाही लावली, मी लावली. पुण्यानुमोदनाला येणारा प्रत्येक माणूस तुला फूल वाहायच्या आधी तो कागद वाचणार आहे. हा माझा सूड, आणि तो मी पुरा करणार.

पाटी लावून मी खाली बसले तेव्हा संगीता एक वाक्य बोलली. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. ती तुझ्या फोटोला म्हणाली, "बघा, तुमची पाटी लावली. त्यांची कोण लावणार?"

पोरगी बारीक आवाजात बोलते पण हात कोपरापर्यंत घालते.

तर आता माझी पाटी. ही मी पुण्यानुमोदनाला विहारात उभी राहून वाचणार आहे. सगळे ऐकतील, तू सोडून. तू आणखी थोडं थांबला असतास, एकदा 'बरा नाय मावशे' म्हणाला असतास, तर मीही सांगितलं असतं असं मला वाटतं. खरं काय ते मला माहीत नाही.

तुझ्या आईने, शेवंताने, माझं न ऐकता मुरबाडकडच्या माणसाशी लग्न केलं. मी तिला सांगितलं होतं, तो टिकायचा नाही. तो टिकला नाही, दुसरी बाई करून बसला. भात कापून झाल्यावरचे दिवस होते, गिरणीसमोर पोत्यांची रांग रस्त्यापर्यंत. ती सकाळच्या एसटीने आली. कडेवर तू. मला म्हणाली, "बाय, पोटात फार दुखतंय. तीन महिन्यांची पोटुशी आहे. माझ्याबरोबर शहापूरला दवाखान्यात चल ना."

मी पोत्यात हात घातलेला होता. वर न बघता म्हटलं, "बघू. रांग संपू दे."

रांग हे खरं कारण नव्हतं. मी शेठला सांगून निघू शकले असते. मला वाटलं, बसू दे जरा. माझं ऐकलं नव्हतं ना? मला माणसाला वाट बघायला लावून वळवायची खोड आहे, तेव्हाही होती.

ती भिंतीजवळच्या एका पोत्यावर बसली. तू कोंड्याच्या ढिगात खेळत होतास. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, "बाय, निघायचं का?" मी म्हटलं, "बघू म्हटलं ना." तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मला वाटलं, आली वळणावर.

दुपारी रांग संपली. मी हात पुसून तिच्याकडे गेले, तर ती भिंतीला डोकं टेकून झोपल्यासारखी. तांदूळ न्यायला आलेल्या ट्रकमधून तिला नेलं. आटगावच्या पुढे ती गेली. दवाखाना तिने पाहिला नाही. तू माझ्या मांडीवर होतास आणि तुझ्या केसांत कोंडा होता.

परत आले आणि लोकांना सांगितलं, ताप. तुलाही तेच सांगत राहिले, पुढे काही विचारलंस की 'बघू'. तीस वर्षं माझी गिरण फिरत होती, मिलिंद. तू बाहेर उभा होतास आणि तुला कळत नव्हतं की उत्तर येणार आहे की नाही. मला माहीत होतं, मी देणार नव्हते.

तू म्हणायचास, कारण एकच असलं की चिठ्ठी लागत नाही, रिकामं पोतं बघून माणसाला कळतं. तुला कळलं नव्हतं. भांडण मी जिंकले. ही घे चिठ्ठी.

त्या दिवशी मी चाळीसेक पोती तपासली. तुझी आई ज्याच्यावर बसली होती ते एक सोडून. संध्याकाळी ते उचललं तर भात तळापर्यंत रक्ताने लाल. ताप नव्हता, बाळा. पोतं ओलं होतं, आणि मी हात घातला नाही.